सफरचंदाच्या झाडाची कटिंग

त्या वर्षी झाडाला एक सफरचंद आलं. एकच. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा झाडाला काहीही आलेलं नव्हतं आणि येण्याची लक्षणंही नव्हती.

झाड सलूनच्या मागच्या अंगणात होतं. बाबांनीच ते लावलं, वाढवलं आणि त्याची कटिंगही तेच करायचे. दर महिन्याला, न चुकता. सुट्टीच्या दिवशी स्टूल घेऊन मागे जायचे, एक फेरी मारायचे, एक डोळा मिटून दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघायचे आणि कात्री चालवायचे. कानशिलं साफ, मागून बारीक, वर थोडा फुगा. दुसऱ्या खुर्चीवर काम करणाऱ्या धाकट्या लेकीला विचाराल, तर इतकं देखणं झाड तिने आजवर पाहिलं नव्हतं. नवीन गिऱ्हाइकं मागच्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणायची, "माझेही तसेच कापा."

फक्त त्याला फूल येत नव्हतं.

आईचा मुद्दा सरळ होता. सलूनचे टॉवेल वाळत घालायला अंगण पुरत नव्हतं आणि मधोमध हे महाशय भांग पाडून उभे. "दोन वर्षं देते," ती म्हणाली. "एक तरी सफरचंद दाखवा. नाहीतर झाड जाईल आणि तिथे दोरी येईल."

"अगं, जीव आहे तो."

"मलाही आहे. ओल्या टॉवेलांची बादली घेऊन गच्चीवर मी चढते."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. त्यांच्या बाबतीत ते उपोषणच.

मग एकदा रोपवाला दाढीला आला. झाडाचं रोप त्याच्याच रोपवाटिकेतलं. गालांना फेस लागला, मान मागे गेली, नजर खिडकीबाहेर पडली आणि तो फेसातूनच ओरडला, "हे कोणी केलं?"

"मीच," बाबा छाती काढून म्हणाले.

"दादा, फांद्यांवर आखूड, गाठाळ खुंट येतात बघा. फुलं त्यांच्यावरच धरतात. तुम्ही त्यांचं काय करता?"

"वाईट दिसतात ते. काढतो."

"दर महिन्याला?"

"गिऱ्हाईक नियमित आहे."

रोपवाल्याने डोळे मिटून घेतले. गळ्याशी वस्तरा होता, म्हणून हसला नाही.

त्या दिवसापासून झाडाला कात्री बंद. झाड कानांवर आलं, मानेवर आलं, एक फांदी तर थेट डोळ्यांत जाईल अशी लोंबायला लागली. बाबांनी मागच्या खिडकीला पडदा लावला. तरी हाताची खाज कुठेतरी निघणारच. त्या काळात सलूनमधून लांब केस घेऊन कोणी बाहेर पडलं नाही. 'जरा कडेने' म्हणत आलेले एक गृहस्थ सैन्यात घेण्यालायक होऊन गेले.

एकदा धाकटीने बाबांना झाडाखाली पकडलं. दोन बोटं हवेत उघडत होती, मिटत होती.

"बाबा!"

"हातात काही नाहीये. बघतोय फक्त."

"आणि ही बोटं?"

"त्यांना मी घरात गेल्यावर बोलतो."

धाकटी हसली, पण तिला मनातून त्यांचं कौतुकच वाटलं. जन्मभर एक केस वाकडा राहू न देणारा माणूस रोज एक अख्खं झाड वाकडं राहू देत होता.

दुसऱ्या वसंतात झाड फुललं. गुलाबी कळ्या, पांढरी फुलं. बाबा अर्धी कटिंग झालेल्या गिऱ्हाइकांना हाताला धरून मागे नेऊन दाखवू लागले. रोपवाला मात्र मान हलवत म्हणाला, "फुलं आली म्हणजे फळ आलं असं नाही, दादा. सफरचंदाला स्वतःचा पराग सहसा चालत नाही. दुसऱ्या जातीच्या झाडाचा लागतो. आणि तो आणायला मधमाशी. या गल्लीत मधमाशी पाहिलीय कधी?"

कोणीच पाहिली नव्हती.

"पराग म्हणजे पावडरच ना?" बाबांनी विचारलं.

"तसंच काहीतरी."

"हलक्या हाताने लावायची?"

"अगदी हलक्या."

बाबांनी फळीवरून दाढीचा कोरा ब्रश उचलला.

दुसऱ्या दिवशी रोपवाल्याने आपल्या दुसऱ्या जातीच्या झाडाची फुललेली फांदी बादलीत घालून आणली. धाकटीने बादली धरली. बाबा खांद्यावर टॉवेल टाकून स्टुलावर चढले. ब्रश बादलीतल्या फुलावर फिरवायचा, मग झाडावरच्या फुलाच्या हनुवटीखाली बोट धरायचं, "मान जरा वर," म्हणायचं आणि ब्रश टेकवायचा. तो हात इतका हलका होता की एक पाकळी गळली नाही. धाकटीने त्या हाताखाली झोपी गेलेली गिऱ्हाइकं पाहिली होती. आज तिला वाटलं, झाडालाही डुलकी लागणार. आई दारात येऊन उभी राहिली. हातातल्या बादलीतले ओले टॉवेल वाळत घालायचे विसरली.

मग वारं सुटलं. तीन दिवस. फुलं गेली.

पंधरा दिवसांनी आई दोरीचं माप घ्यायला अंगणात गेली, आणि तिथूनच तिची हाक आली. "अहो, इकडे या. कात्री तिथेच ठेवून या."

पानांआड शर्टाच्या बटणाएवढं हिरवं काहीतरी फुगलं होतं. आईने दोरी गुंडाळली आणि गच्चीकडे निघाली. "जिने काय, आहेतच," ती म्हणाली.

पिकल्यावर आईनेच त्याच्या चार फोडी केल्या, चौथी रोपवाल्याला. इतकं आंबट होतं की सगळ्यांचा एक एक डोळा मिटला. "वा," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायला काही उरलं नव्हतं म्हणून त्यांनी धाकटीला कागद घ्यायला सांगून नगरपालिकेला अर्ज लिहवून घेतला:

"महोदय, आमच्या गल्लीत मधमाश्यांची ये-जा अजिबात नाही. तरी फुलांच्या दिवसांत ऊन वर आल्यावर त्यांची किमान एक फेरी आमच्या अंगणामार्गे वळवण्यात यावी. मधमाश्यांनी येताना दुसऱ्या जातीच्या झाडावरून यावे, रिकाम्या हाताने येऊ नये. त्याबदल्यात सर्व मधमाश्यांची, त्यांची इच्छा असल्यास, कटिंग विनामूल्य करून देण्यात येईल. तसेच सदर आठवड्यात वारा बंद ठेवण्याबाबत संबंधितांस सूचना व्हावी, ही नम्र विनंती."