चहाला फक्त झाडांचं बोलायचं

वहिनींनी ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. मांडीवर केकचा डबा, पायाशी कपबश्यांची पिशवी आणि बसमधला शेजारचा गृहस्थ खांद्यावर डुलक्या घेतोय, अशा अवस्थेत माणूस जे ठरवतो ते बहुतेक खरं असतं.

ठरवलेलं एवढंच होतं: हा आपला शेवटचा चहा. यापुढे बागप्रेमी मंडळाची चिटणीस आपण नाही.

मंडळ वन्संचं. म्हणजे अध्यक्ष त्या, बाग त्यांची, नियमही त्यांचेच. वहिनींच्या यजमानांची ही धाकटी बहीण. वयानं लहान, पण नणंद ती नणंद, त्यामुळे एवढ्या वर्षांत वहिनींच्या तोंडून एकदाही 'अगं' गेलं नव्हतं. वन्सं मुख्याध्यापिका होत्या. शाळेनं त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी स्वतःला केलं नव्हतं. वर्षातून चार चहा व्हायचे: पालवीचा, उन्हाचा, पानगळीचा आणि थंडीचा. वन्संनी खुर्चीत बसायचं आणि बाकीचं सगळं वहिनींनी करायचं, अशी कामाची सोपी वाटणी होती. सगळ्यांना फोन करा, केक भाजा, पावाला लोणी लावा, माळ्यावरच्या खुर्च्या काढा, पुसा, परत चढवा.

सोडायचं वहिनींच्या मनात पूर्वीही आलं होतं. पण वन्संचा चेहरा आठवला की ते बोलणं पुढच्या चहावर ढकललं जायचं. बाईला मूलबाळ नाही, शाळा सुटली, भाऊही गेला. या चार चहांवर ती तगून आहे, ते काढून घेतले तर राहिलं काय? म्हणून वहिनी ओढत होत्या. गेल्या आठवड्यात मात्र गुडघ्याच्या डॉक्टरांनी "जिने किती चढता?" असं साधं विचारलं आणि वहिनींना उत्तर देता देता रडूच फुटलं. जिन्यापायी कोणी रडतं का? डॉक्टर बिचारे गोंधळून गेले.

आता एकच अडचण होती, ती म्हणजे मंडळाचा नियम. चहा चालू असताना फक्त झाडांचं बोलायचं. घरचं, दुखण्याखुपण्याचं, लेकीसुनांचं काही निघालं, तर ते काढणाऱ्यानं सगळ्यांच्या कपबश्या धुवायच्या. सुरुवातीच्या एका चहाला दोन बायकांचं सुनांवरून असं काही वाजलं होतं की शेजारी गच्चीवर येऊन बघत उभे राहिले. तेव्हापासून वन्संनी हा कायदा केला. मंडळी काही कमी नव्हती, त्यांनी पळवाटा शोधल्या. दातांच्या डॉक्टरीणबाई उसासा टाकून म्हणायच्या, "आमचा गुलाब परदेशी गेला तो तिकडच्याच मातीत रमला. इकडे सुगंधसुद्धा पाठवत नाही." मुलाचं चाललंय हे सगळ्यांना कळायचं, पण कपबश्या काही धुवाव्या लागायच्या नाहीत.

वहिनींना ही कला कधी साधली नाही. त्या मुकाट्यानं चहा ओतायच्या.

पानगळीच्या त्या दुपारी बागेत सातआठच डोकी होती. एकेकाळी खुर्च्या पुरायच्या नाहीत, आता माणसं पुरत नव्हती. कॅक्टसकाका नेहमीच्या जागी बसले होते. ते निवडुंगाशिवाय दुसरं काही लावत नसत आणि बोलणंही त्याच जातीचं, म्हणून हे नाव. वन्सं मधल्या खुर्चीत ताठ बसून शेवंतीवर पडणाऱ्या माव्याच्या किडीबद्दल सांगत होत्या. तेच मागच्या पानगळीला सांगितलं होतं. कोणी ऐकत नव्हतं, पण माना सगळ्यांच्या हलत होत्या.

चहाची दुसरी फेरी झाली. वहिनींनी किटली खाली ठेवली आणि सगळ्यांसारखं आडून बोलून पाहिलं.

"मी काय म्हणते, एखादं झाड फार जुनं झालं आणि त्याला आता फुलं धरणं होत नसेल, तर त्याला मोकळं करावं ना?"

"मुळीच नाही," कॅक्टसकाका म्हणाले. "शेणखत घाला. नाही तर मुळं छाटा."

"सावलीत हलवून बघितलंत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाणी जास्त होत असेल," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, तुमचा हात पाण्याला फार सढळ."

वहिनींनी एकेकाचं तोंड पाहिलं. डॉक्टरीणबाईंचा गुलाब सगळ्यांना कळतो, मग आपलंच झाड कुणाला कळू नये? त्यांना इतका थकवा आला की तिथेच गवतावर आडवं व्हावंसं वाटलं.

"झाड गेलं खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "मी माझं बोलतेय. मला आता हे होत नाही. हा माझा शेवटचा चहा."

सगळ्यांच्या माना वळल्या. मग कॅक्टसकाकांनी मांडीवर थाप मारली. "वहिनी, कपबश्या!"

आणि सगळे हसले. मनापासून, खेळात एखादा भिडू आउट झाल्यावर हसतात तसे हसले. चिटणीस पहिल्यांदाच सापडली होती! डॉक्टरीणबाईंनी तर उठून स्वतःची बशी त्यांच्या हातात दिली. त्या काय बोलल्या हे कुणाच्या कानात शिरलंच नव्हतं, कुठे बोलल्या एवढंच शिरलं होतं.

वहिनींनी ट्रे उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. राग इतका आला होता की पहिल्याच कपाचा कान हातात आला. नाही तरी एरवीही कपबश्या त्याच धुवायच्या. शिक्षा म्हणून नवीन असं काहीच नव्हतं, हे मनात आलं तेव्हा तर डोळेच भरले.

मागे पावलं वाजली. वन्सं आत आल्या आणि खुंटीवरचं फडकं घेऊन कप पुसायला लागल्या. हेही कधी घडलं नव्हतं.

"खरंच होत नाही, वहिनी?"

"नाही हो, वन्सं."

"मग आजवर बोलला का नाहीत?"

"तुमच्याकडे बघून. तुमचा जीव यात अडकलेला. बंद पडलं तर तुम्ही काय कराल, असं वाटायचं."

वन्संनी पुसलेला कप परत पुसला. मग ओट्याजवळच्या स्टुलावर बसल्या. ताठ कणा जरा वाकला.

"माझा जीव? अहो, दादा गेला त्या वर्षीच मी बंद करणार होते. कॅक्टसकाकांना सांगूनही ठेवलं होतं. मग तुमचा विचार आला. म्हटलं, वहिनी एकट्या त्या दोन खोल्यांत बसून राहतील. निदान या निमित्तानं घराबाहेर पडतील, हाताला काम राहील. म्हणून चालू ठेवलं. मला त्या माव्याचा किती कंटाळा आलाय, तुम्हाला सांगू?"

वहिनींनी हातातला कप खाली ठेवला. मग हसू फुटलं, आधी त्यांना, मग वन्संना. दोघी तोंडाला फडकं लावून हसल्या, कारण बाहेर ऐकू गेलं असतं. पण हसू लवकर आटलं. माळ्यावरच्या त्या खुर्च्या, ते जिने, ते केक, एवढी वर्षं! एकीला नको आणि दुसरीलाही नको, आणि दोघी एकमेकींसाठी मरतायत.

"एकदा विचारायचं तरी," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "हे गेल्यावर पहिल्याच चहाला मी आले, तर तुम्ही मला काय विचारलंत? जिरेनियमला कोणतं खत घालता म्हणून."

"नियम होता ना."

"तुमचाच होता."

"माझाच," वन्सं म्हणाल्या. "आणि तेव्हा फार बरा वाटला. त्याचं नाव निघालं असतं तर सगळ्यांसमोर मी ढसाढसा रडले असते. मुख्याध्यापिका रडलेली चालत नाही."

"मी तर रडायलाच येत होते, वन्सं. दर चहाला. बसमध्ये ठरवून यायची, आज ह्यांच्या बहिणीजवळ बसेन, दोन शब्द बोलेन. आणि परत जायची ती केकचा रिकामा डबा घेऊन."

नळ चालूच होता. वन्संनी उठून तो बंद केला आणि तिथेच, वहिनींकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं," त्या म्हणाल्या. "शेवटी काय बोलला तो? कुणी मला सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलंच नाहीत."

"आता विचारतेय."

वहिनींनी ओले हात पदराला पुसले. "'खिडकी लावतेस का?' म्हणाले. 'गार लागतंय.' एवढंच."

"लहानपणापासून तसाच. जराही गारठा सोसायचा नाही त्याला." वन्संचा आवाज चिरकला. "माझं पांघरूण ओढून घ्यायचा रात्री."

"माझंही," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात बागेतून कॅक्टसकाकांची हाक आली, "अहो चिटणीसबाई, चहाची तिसरी फेरी आहे की नाही?"

"नाही!" वन्सं खिडकीतून ओरडल्या. शाळा दणाणून टाकणारा तो आवाज बागेत सगळ्यांच्या ओळखीचा होता. "चहा संपला! जा आता आपापल्या घरी!"

मग त्यांनी खिडकी लावून घेतली, दुसरं स्टूल ओढून वहिनींपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "बसा. त्याला गार लागलं, तुम्ही खिडकी लावलीत. मग?"