कोल्हं चावलेली गाय

गाईनं दोन दिवस पाण्याला तोंड लावलं नव्हतं. घशात काही अडकलं असेल म्हणून बाईच्या नवऱ्यानं गाईच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला. हाती काहीच लागलं नाही. नुसती चिकट लाळ. नांगर धरून हाताला भेगा पडल्या होत्या, त्या लाळेनं झोंबल्या.

जनावरांचा डॉक्टर आला आणि गोठ्याच्या दारातच थांबला.

"हिला काही चावलं होतं?"

"महिन्यामागं कोल्हं आलं होतं," बाई म्हणाली. "भर दुपारी. माणसाला भ्यालंच नाही. हिच्या नाकाडाला लोंबकळलं. ह्यांनी फावड्यानं हाणलं तेव्हा सुटलं."

"पिसाळलेलं होतं ते. तेव्हाच सांगायचं होतंत." डॉक्टरानं नवऱ्याचा हात पाहिला. "साबण लावून पाव तास धुवा. मग आजच्या आज दवाखाना. दूध कोणाकडे जातं?"

"सगळे तापवूनच पितात. शेजारची म्हातारी तेवढी धारोष्ण पिते."

"मग तिलाही न्या."

नवरा न्हाणीत हात घासत बसला. "मला काय धाड भरलीय?" तो पुटपुटला, पण घासायचा थांबला नाही. बाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. पायांत चपला सरकवून ती शेजारी गेली.

शेजारीण ऐकताच उसळली. "माझ्या सासूला पिसाळलेल्या गाईचं दूध पाजलंस?"

"पाजलं. मला ठाऊक नव्हतं."

"आणि आता तोंड वर करून सांगायला आलीस!"

दार धाडकन लागलं. बाई उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली. शिव्या ऐकू येत होत्या, पण दुसऱ्याच कोणाला चालल्यात असं वाटत होतं. आत म्हातारी म्हणाली, "अगं, ती सांगायला तरी आली. माझं लुगडं दे."

तिघं टेम्पोतून दवाखान्यात पोचली. नर्सनं नवऱ्याच्या भेगांत औषध टोचलं; तो गुरासारखा ओरडला. म्हातारीनं दंड पुढं करून डोळे मिटले. पुढच्या सुयांच्या तारखा दोघांच्या चिठ्ठ्यांवर लिहून मिळाल्या. एकही चुकवायची नाही, नर्सनं दोनदा बजावलं. बाईनं चिठ्ठ्या कमरेला खोचल्या आणि ती उठली.

"गाईची धार कोण काढायचं?" नर्सनं विचारलं.

"मीच."

"तोंडाची लाळ कोण पुसायचं?"

"मीच की. दुसरं कोण?"

"हात बघू."

बोटं कडब्यानं कापलेली होती. बाई त्यांच्याकडं परक्याची असल्यासारखी बघत राहिली. नर्सनं एकेक बोट धरून सुई टोचली.

"दुखलं का?"

"टोचलंत?" बाईनं विचारलं.