पुसलेली मांडणी

गंगम्मा कुठल्याच व्हिडिओत नाही, हे घरात कळलं तेव्हा तिची माती होऊन तेरा दिवस झाले होते.

शेजारच्या धुरपताबाई बसायला आल्या होत्या. त्या गंगम्माच्या लेकीला म्हणाल्या, "ईश्वरे, तुझ्या आप्पाचे एवढे व्हिडिओ हायेत. त्यात कुठं गंगी बोलायलीय, चालायलीय, असं दाखव की गं. फोटोतली लयच गप बसलीय."

ईश्वरीनं आप्पांचा मोबाइल घेतला. एक व्हिडिओ लावला, दुसरा लावला, दहावा लावला. सगळ्यांत तिचे आप्पा, म्हणजे सांबप्पा, मिशीचा केस न् केस दिसेल इतके स्पष्ट होते. त्यांच्या मागं मात्र नुसतं धुकं. त्या धुक्यात एक हिरवट डाग इकडून तिकडं सरकत होता.

"आप्पा, माय कुठाय?"

सांबप्पांनी त्या हिरवट डागावर बोट ठेवलं. तो डागच माय होती.

मित्रांनो, त्या धुक्यात मीही होते. मी एक जुनी मांडणी आहे. राणीसावरगावात, सांबप्पांच्या स्वयंपाकघरात, खिडकीसमोरच्या भिंतीला उभी असते.

मला गंगाखेडच्या एका कारागिरानं पत्रा कापून, सळ्या वाकवून केलं. ताटं उभी ठेवायला खाचा, वाट्यांसाठी फळी, कपांसाठी आकडे. गंगम्माच्या लग्नात मी आंदण म्हणून आले. टेम्पोतून उतरवताना माझा उजवा पाय दगडावर आपटून वाकला. सासरच्या बायका कुजबुजू लागल्या. नव्या नवरीनं कुणाला काही न विचारता माझ्या पायाखाली खापराचा तुकडा सरकवला आणि म्हणाली, "उभी ऱ्हायली की." ते खापर अजून तिथंच आहे.

दर सोमवारी गंगम्मा मला रिकामी करायची. राख आणि चिंच घेऊन भांडी घासायची, ओल्या फडक्यानं मला पुसायची, मग सगळं जागच्या जागी लावायची. धुरपताबाई म्हणायच्या, "गंगे, तुझ्या परातीत बघून कुंकू लावते बाई मी. घरी आरसा कशाला पायजे?" गंगम्मा हसायची आणि परात आणखी एकदा पुसायची. अशी सव्वीस वर्षं गेली.

सांबप्पांचं गावात मोटार वायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरायची, हे त्यांचं काम. काही वर्षांपूर्वी ते मोबाइलवर व्हिडिओ करू लागले. मोटार का जळते, स्टार्टर कसा जोडायचा, असलं सांगायचे. दुकानात गलका फार, म्हणून स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचे. खिडकीचा उजेड तोंडावर यायचा आणि पाठीमागं मी असायचे.

गंगम्माला फार आनंद झाला. "आता माझी मांडणी सगळा जिल्हा बघल," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं मला दोनदा पुसलं.

पहिल्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, "काका, मोटारी विकता का भांडी?" सांबप्पांना ते लागलं; त्यांनी तो व्हिडिओच काढून टाकला. त्यांनी परभणीला राहणाऱ्या ईश्वरीला फोन केला. ती म्हणाली, "आप्पा, मागचं ब्लर करा ना. बघणाऱ्याचं ध्यान तुमच्याकडं ऱ्हाईल." कुठं दाबायचं तेही तिनं सांगितलं. तेव्हापासून सांबप्पा प्रत्येक व्हिडिओचं मागचं धूसर करू लागले. मोबाइल सारखा भरायचा, म्हणून मूळचा व्हिडिओ लगेच काढून टाकू लागले.

गंगम्मानं तो पहिला धूसर व्हिडिओ पाहिला तो दिवस मला आठवतो.

"अवो, माझी मांडणी कुठाय?"

"पुसली."

"ती तर म्या पुसली सकाळी. तुमी कवा पुसली?"

"अगं तसं न्हाई. मागचं सगळं पुसून टाकता येतंय ह्याच्यात."

"आन् हे हिरवं काय हालायलंय?"

"ती तू हायेस."

तिनं मोबाइल त्यांच्या हातात परत दिला. मग म्हणाली, "बरं झालं. लुगडं इटलंच व्हतं." आणि पुढच्या सोमवारी तिनं मला पुन्हा पुसलं. कुणी बघणार नव्हतं, तरी पुसलं.

आता जे सांगायचं आहे ते त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

शेवटचा व्हिडिओ तिच्या जाण्याच्या सोळा दिवस आधीचा. सांबप्पा सांगत होते, "मोटार एकदम जळत न्हाई. आधी गुरगुरती. मंग तापती. मंग वास येतो. ध्यान द्या, लगेच बंद करा." मागं गंगम्मा राखेच्या हातानं मला पुसत होती. मधेच तिचा हात थांबला. तिनं माझा उजवा खांब घट्ट धरला आणि सगळा भार माझ्यावर टाकला. खापर करकरलं, एक वाटी खणखणली. ती सांबप्पांच्या पाठीकडं बघत होती. तिनं तोंड उघडलं. सांबप्पांनी मागं न बघताच हात वर केला. आवाज नको, असा तो हात होता. तिनं तोंड मिटलं आणि माझ्या पायाशी खाली बसली.

व्हिडिओ संपल्यावर त्यांनी विचारलं, "वाटी कशाला वाजवलीस?"

"मांडणी हालली," ती म्हणाली.

मी आपणहून हलले नव्हते मित्रांनो. पण मला तोंड नाही. पुढचे दोन सोमवार तिच्यानं मला पुसणं झालं नाही. सोळा दिवसांनी तिच्या छातीत पुन्हा कळ आली, आणि परभणीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती राहिली नाही.

तर तेराव्या दिवशी ईश्वरी माझ्यासमोर बसून मोबाइल धुंडाळत होती. एकाएकी ती ताठ झाली. "आप्पा, काढून टाकलेलं तीस दिवस कचऱ्यात ऱ्हातंय. बाकीचे सगळे गेलेत. एकच हाय, शेवटचा. एक दिवस बाकी दाखवायलाय."

सांबप्पा धडपडत तिच्याजवळ आले. व्हिडिओ परत आणायचं बटण पडद्याच्या अगदी खाली होतं. दवाखान्याच्या धावपळीत मोबाइल पडला होता आणि खालच्या पट्टीला बोट लावलं तरी काही होत नव्हतं. ईश्वरीनं दाबलं, घासलं, ओढणीनं काच पुसली. काही नाही. त्या बटणाला लागूनच कायमचं काढून टाकायचं बटण होतं.

"थांब," सांबप्पा म्हणाले. "उगं घाई करू नगंस. मोबाइल आडवा धर."

तिनं आडवा धरला. पडदा फिरला. बिघडलेली पट्टी डावीकडं गेली आणि दोन्ही बटणं उजव्या कडेला, बोट चालणाऱ्या काचेवर आली, पण आता ती तांदळाच्या दाण्याएवढी झाली होती. ईश्वरीनं मोबाइल त्यांच्यापुढं धरला.

"आप्पा, मला न्हाई जमायचं. चुकून दुसरं दाबलं तर?"

"मी तर श्वासबी घेईना बाई," धुरपताबाई पुटपुटल्या.

तीस वर्षं केसाएवढी तार गुंडाळलेला हात सांबप्पांनी पुढं केला. करंगळीच्या टोकानं एकदाच टेकवला. पडदा क्षणभर काळा झाला. कुणी हललं नाही. मग व्हिडिओ आला.

मी लख्ख दिसत होते. परात चमकत होती. आणि गंगम्मा होती, हिरवं लुगडं, कपाळावर घाम, हातात फडकं. धुरपताबाईंनी पदर तोंडाला लावला. ईश्वरी हसत रडत म्हणाली, "आप्पा, बघा, माय बघा."

सांबप्पा बघतच होते. तिनं माझा खांब धरला तेही त्यांनी पाहिलं. तिनं तोंड उघडलं तेही. मग स्वतःचाच वर गेलेला हात पाहिला. त्यांनी व्हिडिओ थांबवला.

"मला म्हनली मांडणी हालली," ते म्हणाले. "म्या पुसलं न्हाई तिला."

"काय पुसलं न्हाई, आप्पा?"

"काय होतंय म्हनून. येवढंच पुसायचं व्हतं. मागं वळून."

"मीच तुमाला ब्लर करायचं शिकवलं," ईश्वरी म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मित्रांनो, आमच्याकडं विचारण्यालाही पुसणंच म्हणतात. मी कारागीर नाही, शिकलेलीही नाही. पण उभ्या जन्मात मला इतकंच कळलं आहे. तुम्ही समोर बघून बोलत असता तेव्हा तुमच्या मागं कुणीतरी काम करत उभं असतं. मोबाइलमध्ये काय पुसायचं ते पुसा, पण मागं वळून त्या माणसालाही पुसत जा. बरं आहे का, दुखतंय का, एवढंच.

सांबप्पांनी तेव्हापासून व्हिडिओ केलेला नाही. सोमवारी ते मला रिकामी करतात. राख आणि चिंच घेऊन भांडी घासतात. परात त्यांना गंगम्मासारखी जमत नाही. मग ओल्या फडक्यानं वरून खाली पुसत येतात, फळ्या, आकडे, डावा खांब. उजव्या खांबावर चार बोटांचा डाग आहे, राखेचा आणि चिंचेचा. तिथं आलं की फडकं थांबतं.

तेवढं पुसायचं राहिलं आहे.