माहे दहा मिनिट

“जेवलीस का वं?”

“चार वाजले, आई. आता कोणतं जेवण?” फोन खांद्याने कानाशी दाबून तृप्ती अर्जांवर शिक्के मारत होती. लाखनीच्या कॉलेजात प्रवेश सुरू होते. तिच्या खिडकीपुढची रांग पार पायऱ्यांपर्यंत गेली होती.

“मंग डब्बा खाल्लास का नाही, तेवढं सांग.”

“खाल्ला. तू काय करून राहिलीस?”

“धानाचा रोवणा. आज मोठी बांधी उरकते. चंद्रकांताची सून तं दोन रोपं लावते अन् चार फोटो काढते.” आई स्वतःच हसली. मग जरा थांबली. “आज दमल्यावानी लागते, बेटा.”

“म्हणून तं सांगते, रोज दहा मिनिटं बसत जा. स्वतःसाठी. पाटी कायले दिली मग तुले?”

“बसली तं आहो ना.”

“बरं, मग बस. ठेवते. लाईन लागली आहे.”

पाटी तृप्तीनेच दिली होती, मागच्या दिवाळीत. कोंढा गावच्या घरात आई एक काम हाती घ्यायची आणि तीन विसरायची, आणि विसरलेल्यांत तिचा स्वतःचा चहा हमखास असायचा. तृप्तीने समजावलं होतं, रोजची कामं लिहून काढ. सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या नंबरावर. आणि त्यात एक काम फक्त तुझं.

“माह्यं म्हणजे कोणतं?” आईने विचारलं होतं.

“ते तूच ठरव.”

“घ्या! पोरीनं आरामाचाबी अभ्यास देल्ला.”

फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गोठा झाडता झाडता आई खाली बसली, ती उठलीच नाही.

तेरवी झाल्यावर तृप्तीचं लक्ष स्वयंपाकघरातल्या खिळ्याकडे गेलं. पाटी तशीच लटकलेली होती. गोठा आटोपला की आई ती पुसून नवी कामं लिहायची. त्या सकाळी पुसायची राहिली होती. सैपाक, रोवणा, गाईचं पाणी, एकेकापुढे झाल्याची रेघ. सगळ्यांच्या वर, पहिल्या नंबरावर, मोठ्या वळणदार अक्षरात, ‘माहे दहा मिनिट’. त्याच्यापुढेही रेघ.

म्हणजे ऐकत होती तर. तृप्तीला बरं वाटलं. शेजारच्या चंद्रकांताकाकू तेरवीचं जेवण नेलेली परात परत द्यायला आल्या होत्या. तिने त्यांना पाटी दाखवली.

“काकू, या दहा मिनिटांत आई करे तरी काय?”

“तुले मालूम नाही?” काकूंनी परात खाली ठेवली. “चार वाजले का हातातले रोपं टाके, नहरावर पाय धुवे अन् धुऱ्यावर जाऊन बसे. मी म्हणो, काहून वं, कोठी चालली? तं म्हणे, आता माहे दहा मिनिट. अन् तुले फोन लावे.”

तृप्तीचं बोट पाटीवरच्या त्या रेघेवर थांबलं.

“दोन मिनिटांत वापसबी येत होती. म्हणो, झाले का दहा? तं म्हणे, पोरगी कामाची हाये माही. मले तेवढेच पुरतात.”

काकू गेल्यावर तृप्तीने फोन काढला. आईचे रोजचे चार वाजताचे फोन एकाखाली एक होते. एक मिनिट चाळीस. दोन मिनिटं पाच. अठ्ठावन्न सेकंद. ती दिवाळीपर्यंत मागे गेली. दहा कुठेच नव्हते.

दुपारी ती शेतावर गेली. नहरावर पाय धुतले आणि धुऱ्यावर, बांधीच्या उंच कडेवर, बसली. मोठ्या बांधीतल्या रोपांनी मूळ धरलं होतं, पिवळेपणा जाऊन हिरवी झाली होती. चार वाजले. तिने फोन मांडीवर पालथा ठेवला आणि मोठ्याने म्हणाली,

“बोल, आई. मले काही काम नाही.”