पेरियवरचं न ऐकणारा

आमच्या सालिग्राममच्या स्टुडिओत घड्याळाच्या खोक्याला सगळे ‘पेरियवर’ म्हणतात, म्हणजे घरातले मोठे. आवाजाचे आकडे करणारी सगळी यंत्रं त्या एका खोक्याचा ठेका धरून चालतात. एखाद्याने स्वतःचाच ठेका धरला, की केसभर फरक पडत जातो आणि ध्वनिमुद्रणात टिक्, टिक् ऐकू येतं, भातात खडे लागावेत तसं. इतकं साधं आहे. पण वरदराजनला दुसऱ्याचं ऐकायचं म्हणजे कमीपणा वाटायचा.

सात वर्षांपूर्वी तो इथला मुख्य इंजिनियर होता आणि मी त्याच्या हाताखाली. एकदा सोमास्कंदम पिळ्ळै अय्यांनी नादस्वरावर, म्हणजे आमच्याकडच्या लांब सनईवर, तोडी राग वाजवला होता. तशी तोडी पुन्हा आपल्या हातून झाली नाही, असं ते स्वतःच सांगत. वरदनचं यंत्र स्वतःच्या ठेक्यावर होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मुद्रण ऐकताना खडे लागले, तोडी वाया गेली. त्याबरोबर त्याने ठेक्याचं बटण गुपचूप फिरवलं आणि म्हणाला, “या तिलकवतीने केबल सैल लावली.”

अय्या एवढंच म्हणाले, “या मुलीला पुन्हा माझ्या वाद्याजवळ येऊ देऊ नका.”

वरदन पुढे मोठ्या स्टुडिओत गेला. मी इथेच राहिले, मुख्य झाले, पण अय्यांचं ते वाक्य घशात अडकलेल्या काट्यासारखं सलत राहिलं. ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने परत घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

गेल्या महिन्यात अय्या मुखारी राग वाजवायला आले. खोली आमची, पण मुद्रण वरदनच्या यंत्रावर व्हावं अशी त्यांची अट. सकाळी दहाला वरदन यंत्र घेऊन हजर.

“काय गं तिलका, अजून केबलीच गुंडाळतेस?”

“हो सर. सैल राहायला नकोत ना.”

तो हसला. मी पेरियवरची तार त्याच्यापुढे धरली. “राहू दे तुझ्या म्हाताऱ्याला. माझं यंत्र कुणाच्या मागे चालत नाही.”

पुन्हा एकदा बजावलं असतं, तर त्याने कुरकुरत का होईना ऐकलं असतं. मी नाही बजावलं. माझं यंत्र मी पेरियवरला जोडलं आणि त्याच माइकवर तेही चालू केलं.

अय्यांनी चाळीस मिनिटं मुखारी वाजवली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा दम, पण सूर कुठे हलला नाही. वरदन हेडफोन कानाला लावून थेट माइकचा आवाज ऐकत होता, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. खडे पडत होते ते आत, त्याच्या यंत्रात.

मग अय्या आतल्या खोलीत येऊन ऐकायला बसले. वरदनने त्याचं मुद्रण लावलं. संथ आलाप सुरू झाला आणि टिक्. थोड्या वेळाने पुन्हा टिक्. वरदनचा चेहरा उतरत गेला. मी पाच मिनिटं तशीच उभी राहिले. खरं सांगते, इतकं सुख मला क्वचितच झालं असेल.

“केबल...” वरदन म्हणाला आणि त्याचा हात बटणाकडे गेला. मी मनगट धरलं.

“अय्या, चष्मा लावा आणि या बटणापाशी काय लिहिलंय ते तुम्हीच वाचा.”

त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं, “इंटर्नल.”

“म्हणजे स्वतःचाच ठेका. तोडीच्या दिवशीही हेच होतं. आता हे ऐका.” मी माझं मुद्रण लावलं. मुखारी स्वच्छ, एकही खडा नाही. वरदनने मान वर केली नाही. तारा काढल्या आणि यंत्र उचलून चालता झाला.

अय्यांनी हात जोडले. “पोरी, तेव्हा माझ्या तोंडून तुझ्यावर अन्याय झाला. माफ कर.”

सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं. मला रडूच आलं.

“पण एक सांग,” ते म्हणाले, “तुझ्याकडे नीट उतरतंय, हे तुला कधीपासून ठाऊक होतं?”

“पहिल्यापासून, अय्या.”

“मी ते खडे ऐकत बसलो होतो. वाटलं, तोडीसारखी हीसुद्धा गेली. आता पुन्हा एवढा दम कुठून आणू? तेव्हा तू कुणाकडे बघत होतीस?”

खोटं बोलवेना. “वरदन सरांकडे.”

“हं.” त्यांनी नादस्वर कापडात गुंडाळलं. “त्या दिवशी त्यानेही माझ्याकडे पाहिलं नव्हतं.”

वाद्य धरायला हात पुढे करत मी दारापर्यंत गेले, पण त्यांनी वाद्य माझ्या हातात दिलं नाही. स्वतःच घेऊन पायऱ्या उतरले.