नागव्वाच्या मनगटाचा नेम

मला जरा सरळ धरा, मग बोलतो. वाकडं धरलंत की मला वाटतं तुम्ही नेम धरताय, आणि माझं सगळं लक्ष तिकडेच जातं. मी हातात धरून खेळायचा गेम. लोक मला कन्सोल म्हणतात. मधे काच, दोन्ही बाजूंना बटणं आणि अंगठ्यानं फिरवायच्या दोन बुटक्या दांड्या, एवढाच माझा संसार.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथं माझ्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा एक भाग बसवला. मला कोणी किती वाकवलं, कुठे वळवलं, हे त्याला कळतं. बंदुकीच्या खेळात त्याचा मोठा उपयोग. दांडीनं किंवा काचेवर बोट ओढून बंदूक साधारण तिकडे वळवायची, आणि मग मनगट हलकेच वाकवून नेम नेमका बसवायचा. मला या गोष्टीचा फार अभिमान होता.

पण मला घेतलं सोलापूरच्या गुरूनं. बाळीवेशीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि तो चिंचोळी एमआयडीसीत कामाला. पहिल्याच दिवशी मला वाकवून बघून तो म्हणाला, "हॅ! हे बारक्या पोरांचं असतंय." आणि माझं वाकणं त्यानं बंदच करून टाकलं. मग खाटेवर आडवा होऊन तो नुसत्या दांड्यांनी खेळायचा. माणसांचं एक मला कळत नाही. वाकून काही होणार नाही हे माहीत असतं, तरी समोरून गोळी आली की अंग वाकतंच. गुरू तर एकदा गोळी चुकवताना खाटेवरून खाली पडला.

गुरूची आई नागव्वा. तिच्या हातच्या कडक भाकऱ्या शरणप्पाच्या खानावळीत जायच्या. दिवाळीच्या आधी अंगण धुताना ती पाय घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट लाकडाच्या फळीसारखं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी दाबायला एक मऊ चेंडू दिला. नागव्वानं तो एकदा दाबला आणि डब्यामागं टाकून दिला. "चेंडू खेळत बसायला मी काय ल्हान हाय?"

गुरूला आईची काळजी होती. तो म्हणायचा, "अव्वा, साकु, पुरे आता. मी कमावतोय की. भाकऱ्या बंद कर."

"बंद करून दिवसभर करू काय? तुझं तोंड बघत बसू?"

शरणप्पा एकदा तब्येत विचारायला आला. चहा पिऊन झाल्यावर हळूच म्हणाला, "अक्का, घाई न्हाय. पण भोगीच्या भाकऱ्या लोक तुमच्याच मागतात. जमणार नसंल तर आधी कळवा, मग मला कायमचं दुसरीकडं बघायला लागंल."

त्या दिवशी नागव्वा जेवली नाही. भोगीची भाकरी बाजरीची, वरून तीळ लावलेली. बाजरी चटकन तुटते. थापताना मनगट जरा अडलं की कडेला तडा.

तिची सून, म्हणजे गुरूची बायको सिद्धेश्वरी, एका पतसंस्थेत नोकरीला. दुसऱ्या दिवशी गुरू कामाला गेल्यावर तिनं मला उचललं, माझं वाकणं चालू केलं आणि सासूच्या हातात दिलं. "आत्ती, हे घ्या. मनगट वाकवून बंदूक फिरते."

"अय्यो! बंदूक? शिव शिव! मी कुणाला मारणार न्हाय."

"माणसं नाहीत ओ. पत्र्याचे राक्षस आहेत."

"पत्र्याचे व्हय? मग भंगारात द्यायचे की. मारायचं कशाला?"

पंचाईत झाली. आधी सिद्धेश्वरीनं तिला काचेवर बोट ओढायला सांगितलं, पण तव्यानं भाजून भाजून नागव्वाची बोटं अशी टणक झालेली की माझ्या काचेला ती बोटं वाटायचीच नाहीत. नागव्वा मला खाली ठेवणार, इतक्यात खेळातला एक राक्षस उभ्या पिकात शिरला.

"आगं, आगं! ज्वारीतनं चाललाय बघ मेला!"

आणि माझ्या जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला खरोखर वाकवलं. मनगट जेमतेम हललं, पण बंदूक सर्रकन फिरली, कारण सिद्धेश्वरीनं मला अगदी हलकं करून ठेवलं होतं. सुनेनं दाखवलेलं मागचं बटण नागव्वानं दाबलं. राक्षस आडवा. "शिव शिव," ती म्हणाली, आणि लगेच, "त्यो दुसरा कुटं गेला?"

त्यानंतर रोज सकाळी सिद्धेश्वरी कामाला जायच्या आधी आमचा खेळ चालायचा. नागव्वा प्रत्येक राक्षसाला आधी समजावायची. "बाजूनं जा की रं, बांध हाय की तितं." तो ऐकायचा नाही. मग गोळी, मग शिव शिव. कण्हायची, घाम यायचा, पण ज्वारी वाचवायची. सिद्धेश्वरी मात्र तिच्या नकळत मला दर थोड्या दिवसांनी जड करत होती. जड म्हणजे काय, तर तेवढीच बंदूक फिरवायला मनगट जास्त वाकवावं लागायचं. संध्याकाळी ती मला पुन्हा गुरूच्या पद्धतीनं लावून ठेवायची, कारण सासूची सक्त ताकीद होती. "गुरूला कळू देऊ नको. गेम बाजूला ठेव म्हणून जन्मभर त्याच्यावर ओरडले मी."

भोगी जवळ आली, आणि एका संध्याकाळी सिद्धेश्वरी माझं वाकणं बंद करायला विसरली.

गुरू नेहमीसारखा आडवा झाला, मला डोक्यावर धरलं, आणि बंदूक थेट आभाळात. उजवीकडे कूस वळवली तर बंदूक झाडात. "काय झालंय ह्याला?" त्यानं शोधून माझं वाकणं बंद केलं, दोन राक्षस मारले आणि झोपला.

सकाळी सिद्धेश्वरीला लवकर जायचं होतं. माझं वाकणं कालपासून चालूच आहे असं समजून ती मला न बघताच गेली. नागव्वानं एकटीनंच मला घेतलं. मनगट वाकवलं. बंदूक जागची हलेना. आणखी वाकवलं, दात-ओठ खाऊन वाकवलं. समोर सगळे राक्षस ज्वारी तुडवत निघाले होते. माझी किती तगमग झाली म्हणून सांगू! मला दोन बाजूंनी आवाज आहे, पण तो बंदुकीचा. 'बाई, तुझा हात चांगला आहे, मीच बंद आहे,' हे सांगायला तो काय कामाचा?

नागव्वा आपल्या हाताकडे बघत बसली. "गेला," ती म्हणाली. "परत गेला हात." मग तिनं शरणप्पाला फोन लावला. "भाऊ, दुसरीकडं बघा. माझ्यानं न्हाय व्हायचं."

संध्याकाळी सिद्धेश्वरी आली तर सासू अंधारात बसलेली. सगळं ऐकून तिनं माझं वाकणं तपासलं आणि कपाळावर हात मारला. तेवढ्यात गुरू दारात आला. "अहो, हे बंद तुम्ही केलंत?"

"व्हय," आत येत तो म्हणाला. "बिघडलं होतं. कशाला, तू खेळतीस?"

"मी खेळते," नागव्वा म्हणाली.

गुरू एकदा आईकडे बघे, एकदा माझ्याकडे. "अव्वा, तू? बंदुकीचा गेम?"

"ज्वारी राखते मी. आणि तू माझा हात बंद केलास!"

पण नागव्वाची खात्री पटेना. सून समजूत काढतेय असंच तिला वाटलं. तेव्हा सिद्धेश्वरीनं मला पहिल्या दिवसाइतकं हलकं केलं. "आता रोजच्यासारखं वाकवा." नागव्वानं वाकवलं, तर बंदूक गिरकी घेऊन पाठीमागं गेली. "आत्ती, पहिल्या दिवशी हे इतकंच हलकं होतं, तेव्हा कुठं राक्षस मरत होता; मग मी ते हळूहळू जड करत आणलं. आता हलकं केलं तर ह्यालाच तुमचं मनगट आवरत नाही. हात गेला असता तर असं झालं असतं?"

नागव्वानं पुन्हा वाकवलं. पुन्हा गिरकी. ती हसायला लागली.

गुरू चप्पल घालून सरळ खानावळीत गेला. परत येऊन म्हणाला, "शरणप्पाकाकानं दुसऱ्या बाईला सांगितलं होतं. तिला मी घरी जाऊन भेटलो. ती म्हणाली, नागव्वाक्का करणार असतील तर मी कशाला? बाजरी उद्या येईल अव्वा. पण थकलीस तर थांबायचं, काय?"

भोगीच्या पहाटे पहिल्या भाकरीला तडा गेला. ती गुरूनं खाल्ली. दुसरी गोल आली, कडेपर्यंत सारखी, तीळ चिकटलेले. तिचाही त्यानं हट्टानं तुकडा मोडला, आणि त्याच हातावर आईनं फटका दिला. उजव्या हातानं. चांगला सणसणीत लागला म्हणे.

आता नागव्वाला माझ्याकडे बघायला वेळ नाही. माझ्या बटणांच्या फटीत थोडं बाजरीचं पीठ आहे, एक दांडी जरा अडखळते. मला त्याचं वाईट वाटत नाही. गुरूही अलीकडे वाकणं चालू ठेवूनच खेळतो आणि हरतो. आई जाता जाता म्हणते, "ज्वारी गेली बघ."

माझी बॅटरी संपत आलीय, म्हणून एकच मागणं मागतो. घरात एखादी गोष्ट चालू दिसली आणि ती कशाला चालू आहे हे कळलं नाही, तर बंद करायच्या आधी घरातल्या माणसांना विचारा. सासू आणि सून दोघी मिळून काही लपवत असतील, तर दोनदा विचारा.