दहा ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी

घरी मुलांचं मासिक आलं की आधी माझी आई ते जेवताना मोठ्याने वाचायची. जे पोरीच्या तोंडावर वाचता येत नाही, ते तिच्या हातात द्यायचं नाही, एवढाच तिचा नियम. ती गेली आणि मासिक थेट टिल्लूच्या खोलीत जाऊ लागलं. टिल्लू माझी भाची, दादाची मुलगी, बारा वर्षांची. ‘आता ती लहान नाही,’ म्हणून दादाने जुनं बंद करून नवं सुरू केलं होतं.

रविवारी टिल्लूने ताट बाजूला सारलं.

“आठवडाभर हेच चाललंय,” वहिनी म्हणाली. “विचारलं की गुरकावते.”

मी खोलीतून अंक घेऊन आले.

“आत्या, तो माझा आहे!”

“तुझाच आहे. मी फक्त आजीचं काम करतेय.”

वाचायला लागले. “‘मांड्या एकमेकींना टेकतात? मग रात्रीचं जेवण टाळ. हसताना हिरड्या दिसतात? ओठ मिटून हस. मुलांना तसलं हसू आवडत नाही.’”

दादाचा घास हातातच राहिला. टिल्लूच्या हिरड्या दिसतात. आईच्याही दिसायच्या.

“अगं, वर वय छापलंय ना! तेच बघून घेतलं,” दादा म्हणाला.

“आत डोकावलास?”

“बायकांचं मला काय कळतं?”

“बाई कुठली? मूल आहे ते!”

हे कुणा मोठ्या माणसाने लिहिलं, दुसऱ्याने तपासलं, तिसऱ्याने छापलं. एकालाही लाज वाटली नाही.

“मग मी वाचू काय?” टिल्लू उसळली. “जुन्यात ससे आणि ठिपके जोडा. मी बाळ आहे का?”

तिचंही खरं होतं. दुसऱ्या दिवशी टिल्लूच्या शाळेनंतर दोघी पुस्तकांच्या दुकानात जाऊन एकेक अंक वाचू लागलो.

“ताई, हे वाचनालय नाही,” दुकानदार म्हणाला.

“काका, भाजी तुम्ही न बघता घेता?” टिल्लू म्हणाली.

एका अंकात पूल कसा उभा राहतो ते होतं, आणि पहिल्या पाळीबद्दल एक लेख होता, साधा, न घाबरवणारा. टिल्लूने तो आधी पुटपुटत, मग मोठ्याने वाचला. दुकानदार उगाच गल्ला पुसू लागला.

“हाच,” ती म्हणाली.

रात्री ती थोडं जेवली. माझा संताप मात्र उतरला नाही. दुकानातून निघालो तेव्हा दादाने सुरू केलेल्या त्या मासिकाचा गठ्ठा दर्शनी फळीवर तसाच होता, आणि समोरची शाळा नुकतीच सुटली होती.